चित्र असेल तरच

१

सभागृहाच्या वेबसाइटचं काम तो गेली अकरा वर्षं करत होता आणि त्यातली निदान नऊ वर्षं त्याला त्या कामाचा कंटाळा आला होता. महिन्याला वीसेक कार्यक्रम. नाव, तारीख, वेळ, खोली आणि एक फोटो. कुणाचं व्याख्यान, कुणाचा निरोपसमारंभ, कुणाचं बुद्धिबळ. घराच्या मागच्या खोलीत एक डुगडुगणारं टेबल होतं, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली होती आणि त्यावर हा सगळा कारभार चालायचा.

त्या मंगळवारी दुपारी सभागृहाच्या मॅनेजरबाईंचा फोन आला.

"अहो, ते रिकामे चौकोन काढा हो एकदाचे."

"कुठले चौकोन?"

"ज्यांनी फोटो दिलेला नसतो, त्यांच्या नावाशेजारी तो पांढरा चौकोन येतो ना, कोपरा फाटल्यासारखा. लोकांना वाटतं आपलं दुकानच बंद पडलंय. फोटो असेल तर दाखवा, नसेल तर नका दाखवू. सोपं आहे ना?"

"सोपंच आहे," तो म्हणाला आणि जांभई दाबली.

सोपंच होतं. वेबसाइट ज्या भाषेत लिहिलेली होती त्या पीएचपीत अशा कामाला दोन ओळी पुरतात. वर एक 'इफ', म्हणजे फोटो असेल तर. खाली एक 'एंडइफ', म्हणजे अट इथे संपली. या दोन ओळींच्या मधे जे काही ठेवाल ते फोटो असेल तरच पानावर उमटतं, नाहीतर उमटत नाही. त्याने अशा हजार तरी अटी लिहिल्या असतील.

"बाळ्या, चहा झालाय," ताई चहाचे दोन कप घेऊन आत आली. एकावन्नाव्या वर्षी त्याला बाळ्या म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ताई सतरा. तेव्हापासून तिने त्याला वाढवलं, शिकवलं, दटावलं, आणि या सगळ्यात स्वतःचा संसार मांडायचं राहूनच गेलं. येत्या शनिवारी तिला साठ वर्षं पूर्ण होणार होती. मॅनेजरबाईंनी त्यासाठी वरच्या मजल्यावरची लहान खोली देऊ केली होती आणि त्याने स्वतःच वेबसाइटवर नोंद टाकली होती. 'ताई, साठ वर्षं. शनिवार, दुपारी चार, खोली तीन.' फोटोची जागा रिकामी होती.

"फोटो काढून आलीस का?" त्याने विचारलं. महिन्यापूर्वी तिची पर्स बसमध्ये गेली होती आणि पर्सबरोबर सगळी ओळखपत्रंही गेली होती. नव्यांसाठी फोटो हवा होता.

"जाईन रे. त्या स्टुलावर बसायचं आणि 'हनुवटी वर करा' ऐकायचं माझ्या जिवावर येतं. जन्मभर मी लोकांना तेच सांगत आले." तिने उजवा खांदा चोळला. "हा बघ, बाबांचा तो धोंड्यासारखा कॅमेरा धरून धरून कामातून गेला."

ती कप घेऊन उठली. पाठमोरी, थोडी उजवीकडे कललेली, ती दारातून बाहेर गेली. तिचं दिसणं ते शेवटचं. मग त्याने त्या दोन ओळी लिहिल्या, फाइल वर चढवली, पान उघडून पाहिलं. पांढरे चौकोन गेले होते. तो तेवढंच पाहायला बसला होता, तेवढंच पाहून उठला आणि जरा पडावं म्हणून पलंगावर आडवा झाला, तो थेट सकाळीच जागा झाला.

२

सकाळी घर शांत होतं. टेबलावर चहा नव्हता. ताई फोटो काढायला गेली असणार, असं त्याने ठरवून टाकलं आणि स्वतःच चहा केला.

तिच्या चपला दारात होत्या. तिच्याकडे चपलांचा एकच जोड होता. असेल, नवा घेतला असेल. मलाच कुठे सांगते ती सगळं, असं म्हणून त्याने तिकडे कानाडोळा केला. तिच्या पलंगावरची चादर एका जागी दबलेली होती. ती त्याने नीट केली. परत पाहिलं तेव्हा ती पुन्हा तिथेच दबलेली होती. गादी जुनी झालीय, तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, कारण घरात कुणीच बोलत नव्हतं.

साडेबाराला मॅनेजरबाईंचा फोन आला. आज त्यांचा आवाज नेहमीसारखा धावत नव्हता.

"वेबसाइटवाले, आज अकराचा शिवणवर्ग रद्द झालाय, असं काही टाकलंय का तुम्ही?"

"नाही. का हो?"

"शिवणाच्या बाई फोनवर रडताहेत. म्हणतात, आम्ही सगळ्या आलो, तासभर बसलो, तुम्ही आमच्या अंगावरून गेलात आणि दिवे घालवलेत. अहो, मी स्वतः त्या खोलीत गेले होते. कुणीसुद्धा नव्हतं. पहारेकरीही तेच म्हणतो. वेबसाइटवरही त्यांचं नाव दिसेना, म्हटलं रद्द केला असेल."

"मग त्या दुसऱ्या खोलीत बसल्या असतील."

"असतील," बाई म्हणाल्या. "पण जमिनीवर कापडाच्या चिंध्या पडल्यात. आजच्या आहेत. सकाळी मी समोर उभी राहून झाडून घेतलं होतं."

त्याने पान उघडलं आणि कपाळाला हात लावला. शिवणवर्ग नव्हताच. बुद्धिबळ नव्हतं. ज्यांना फोटो नव्हता ते चार कार्यक्रम नाव, तारीख, वेळेसकट गायब होते. चूक नवशिक्याची होती. 'इफ' बरोबर जागी होता, पण 'एंडइफ' फोटोच्या लगेच खाली हवा तो पेंगत पेंगत पार शेवटी जाऊन बसला होता. त्यामुळे फोटो नाही म्हणजे फक्त चौकोन नाही, असं न होता फोटो नाही म्हणजे काहीच नाही, असं होऊन बसलं होतं.

चौथा कार्यक्रम ताईचा होता.

३

त्याने 'एंडइफ' दहा ओळी वर नेला. फाइल चढवली. पान ताजं केलं. शिवणवर्ग आला, बुद्धिबळ आलं आणि सगळ्यात खाली ओळ उमटली. 'ताई, साठ वर्षं.' शेजारी चौकोन नाही, काही नाही. पान अगदी स्वच्छ होतं.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

"बाळ्या, चहा ठेवू का?"

त्याचा जीव भांड्यात पडला. केव्हा आली ही? दार वाजल्याचंही कळलं नाही. तो हसतच उठला आणि चार पावलांत स्वयंपाकघराच्या दाराशी पोचला.

गॅस पेटलेला होता. वर पातेलं होतं आणि पाण्याला नुकते बुडबुडे येत होते. साखरेचा डबा उघडा होता. खोलीत कुणी नव्हतं.

"साखर कमीच घालते," ताईचा आवाज म्हणाला. तो ओट्यासमोरून आला, ती रोज उभी असते तिथून. "असा काय बघतोस? कालपासून बघतेय, मी हाका मारतेय आणि तू पलंगावर तोंड फिरवून झोपलायस. रागावलायस का माझ्यावर?"

त्याने दाराची चौकट धरली. चौकट थंड आणि पक्की होती, म्हणजे तो जागा होता.

"नाही गं," तो कसाबसा म्हणाला. "डोळे दुखताहेत. कामाने."

"मग बघ तरी माझ्याकडे. मी इकडे आहे आणि तू खिडकीकडे बोलतोयस."

तो आवाजाच्या दिशेने बघत राहिला. तिथे भिंत होती, भिंतीवर हळदीसारखा पिवळट तेलाचा डाग होता आणि ताई असायला हवी तिथून तो डाग आरपार दिसत होता. साखरेचा डबा बंद झाल्याचा आवाज आला. तो बंद होताना मात्र त्याला दिसला नाही. पापणी लवली तेवढ्यात झालं असावं.

थकवा, त्याने स्वतःला सांगितलं. अकरा वर्षं एकाच पडद्याकडे बघतोय, डोळ्यांनी हात टेकले असणार. उद्या डॉक्टरकडे जाऊ. पण डॉक्टरला काय सांगणार, की मला सगळं दिसतं, फक्त बहीण दिसत नाही?

४

संध्याकाळपर्यंत त्याने मोबाइलवर स्वयंपाकघराचे सतरा फोटो काढले. "कसले फोटो काढतोस रे मेल्या, माझे केस बघ," असं ताई प्रत्येक वेळी म्हणाली आणि प्रत्येक फोटोत ओटा, डबे आणि भिंत एवढंच आलं.

मग त्याने कपाटावरचे अल्बम उतरवले. नऊ अल्बम होते. बाबा होते, आई होती, तो शाळेच्या गणवेशात होता, मावशी, मावसबहीण, शेजारपाजारचे सगळे होते. दर फोटोत सगळे समोर बघून हसत होते. ज्या माणसाकडे बघून हसत होते ते माणूस मात्र एकाही फोटोत नव्हतं. नऊ अल्बम भरून ताईने सगळ्यांना जपून ठेवलं होतं, आणि तिला जपून ठेवावं असं त्यांच्यातल्या एकालाही कधी सुचलं नव्हतं. त्यालाही नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

मावसबहिणीला फोन केला, तर ती हसायला लागली. "ताईचा फोटो? अरे, ती कायम कॅमेऱ्याच्या मागे. माझ्या लग्नात मी म्हटलं होतं, एक तरी काढून घे, तर म्हणते नंतर. आता येऊ दे शनिवारी, आपण धरूनच काढू."

गुरुवारी सकाळी त्याने वेगळा उपाय केला. अटच काढून टाकली. इफ नाही, एंडइफ नाही, होतं तसं. इतकी वर्षं सगळं ठीक होतं ना, मग पुन्हा तसंच करू. पानावर ताईच्या नावाशेजारी तो पांढरा, कोपरा फाटलेला चौकोन आला.

स्वयंपाकघरात काहीतरी पडून फुटलं.

"बाळ्या!" असा तिचा आवाज त्याने उभ्या जन्मात ऐकला नव्हता. "बाळ्या, मला काही दिसत नाहीये रे! सगळं पांढरं झालंय! कुठे आहेस तू?"

त्याने घाईघाईने अट परत घातली. ताईचा हुंदका थांबायला पाच मिनिटं लागली. फुटलेला कप त्यानेच उचलला. काचा गोळा करताना केसांवरून एक हात फिरला, लहानपणी फिरायचा तसाच. तो मान वर न करता बसून राहिला, कारण मान वर केली असती तर तिथे कुणी नसतं.

५

त्याच दुपारी मॅनेजरबाई फोनवर बोलल्या त्या दबक्या आवाजात.

"आज शिवणवर्गाच्या खोलीतून मशीन चालल्याचा आवाज येतोय. बायका बोलताहेत, हसताहेत. दार उघडलं तर... मी काही आत गेले नाही. तुम्ही असं करा, त्यांच्या नावाशेजारी एक फोटो टाका. फोटो असलेले कार्यक्रम बरे चाललेत. कुठलाही टाका."

त्याने फुकट मिळणाऱ्या फोटोंतून एक निवडला. पाच अनोळखी बायका, समोर शिवणयंत्रं आणि तोंडभर हसू. टाकला आणि विसरला. त्याच्या डोक्यात आता दुसरंच शिजत होतं.

आईचा एक फोटो होता. सुरेख होता, अगदी समोरून काढलेला. आणि ताई दिसायला हुबेहूब आई होती, तेच कपाळ, तीच जिवणी. अटीला काय, चित्र असलं की झालं. शुक्रवारी सकाळी त्याने तो फोटो अल्बममधून काढला, मोबाइलवर उतरवून घेतला आणि ताईच्या नोंदीत जोडला. बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं, तोच फोन वाजला.

"वेबसाइटवाले," मॅनेजरबाई म्हणाल्या. मागे शिवणयंत्रांचा आवाज येत होता.

"काय झालं?"

"पाच बायका आल्यात. शिवताहेत. पण आपल्या वर्गात अकराजणी आहेत हो. आणि या पाचातल्या एकीलाही मी ओळखत नाही. आवाज मात्र आपल्या शिवणाच्या बाईंचा आहे. म्हणतात, घरी मला कुणी आत घेईना. हसत हसत म्हणतात. मी म्हटलं, बाई, हसू नका, तर म्हणाल्या, मी कुठे हसतेय? आणि त्या अजून हसताहेत. कालपासून कुणी तोंड मिटलेलं नाही."

त्याने फोन ठेवला आणि आईचा फोटो नोंदीतून काढून टाकला. त्रेचाळीस वर्षांपूर्वी गेलेली आई स्वयंपाकघरातून ताईच्या आवाजात हाक मारत बाहेर आली असती. फोन दोन मिनिटं उशिरा आला असता, तर आली असती.

चित्र हवं होतं, आणि ते तिचंच हवं होतं. दुसऱ्या कुणाचं चालणार नव्हतं.

६

"जेवून घे," ताई म्हणाली. "तीन दिवस तू त्या अल्बमांत डोकं घालून बसलायस. कुणाला शोधतोयस?"

"तुला."

"मी कुठून असणार त्यात?" ती हसली. "मी काढणारी."

तो सातव्या अल्बमशी आला होता. तळ्याकाठची सहल, तो बारा वर्षांचा. बाबा, मावशी, मावसबहीण आणि तो एका रांगेत उभे, सगळे उन्हाने डोळे बारीक केलेले. ऊन समोरून येत होतं, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून. आणि फोटोच्या खालच्या कडेपासून थेट त्याच्या बुटांपर्यंत गवतावर एक लांब सावली पडली होती.

त्याने फोटो खिडकीशी नेला. एक वेणी खांद्यावरून पुढे आलेली. उजवीकडचा खांदा जरा खाली. आणि कॅमेरा डोळ्याला लावलेला असल्यामुळे दोन्ही कोपरं डोक्याच्या बाजूंना वर उचललेली.

तिची सावली होती. दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नव्हतं. त्याला तो क्षणसुद्धा आठवला. 'हलू नका रे, हलू नका,' असं ती ओरडत होती आणि तो मुद्दाम हलत होता.

त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटत होतं. सावली तर सावली, पण ती तिची होती, अस्सल होती. त्याने बाकीची सगळी माणसं कापली, फक्त गवत आणि सावली ठेवली आणि तो फोटो नोंदीत जोडला. या खेपेला फार विचार केला नाही. विचार करायची ताकदच उरली नव्हती.

त्याने बटण दाबलं. चित्र होतं. अट पुरी झाली. 'ताई, साठ वर्षं. शनिवार, दुपारी चार.' शेजारी गवतावरची ती लांब, काळी आकृती आली.

७

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. चमच्याची किणकिण थांबली, पावलं थांबली. पातेल्यातला चहा तेवढा उकळत होता.

"ताई?"

"हं," ती म्हणाली. आवाज जरा खालून आला.

तो उठला. मधल्या खोलीतून जाताना त्याने केस नीट केले, का कुणास ठाऊक. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला होती आणि दुपारचं ऊन आत आलं होतं. डब्यांच्या, पातेल्याच्या, खुर्चीच्या सगळ्या सावल्या खिडकीपासून आतल्या भिंतीकडे पडल्या होत्या.

एक मात्र त्यांच्या उलट पडली होती. ओट्यापासून निघून ती फरशीवरून थेट उंबऱ्यापर्यंत, त्याच्या पायांपर्यंत आली होती. वेणी खांद्यावरून पुढे. उजवा खांदा खाली. दोन्ही कोपरं वर. ओट्याशी, ती जिथून सुरू होत होती तिथे, कुणी उभं नव्हतं.

त्याला भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण त्याच्याही आधी त्याला आनंद झाला, तो हुंदक्यासारखा वर आला.

"दिसलीस," तो म्हणाला. "ताई, दिसलीस गं."

"दिसले ना?" तिचा आवाजही हलका झाला. "देवा रे. मला वाटलं, तू आता माझ्याकडे कधी बघणारच नाहीस."

"बघतोय. बघतोय ना." तो उंबऱ्याशी खाली बसला. बोटं त्या सावलीच्या कडेला टेकवली. फरशी तिथे गार आणि गवतासारखी ओलसर होती. "चल, आता बस जरा. चहा घेऊ दोघं."

ओट्यावर चहा फसफसून वर आला, पातेल्याच्या कडेवरून उतू गेला आणि ज्योत तडतडली. करपल्याचा वास सुटला. ताईने गॅसवर चहा कधी उतू जाऊ दिला नव्हता.

"ताई, गॅस."

"हो रे."

सावली हलली नाही. वेणीचं टोकसुद्धा हलत नव्हतं. त्याने उठून गॅस बंद केला. त्यासाठी त्याला तिच्यावरून जावं लागलं, आणि जपून पावलं टाकली तरी एक तिच्या मनगटावर पडलं. कण्हल्यासारखा आवाज झाला.

"बाळ्या," ती म्हणाली. थकलेली होती, पण बोलणं नेहमीसारखंच होतं, सगळ्यांना एका रांगेत उभं करून झाल्यावर बोलायची तसं. "हात खाली येत नाहीयेत रे माझे."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. समोर फरशीवर ती दोन कोपरं होती, अगदी तशीच, जशी त्याने चढवली होती.

"खांदा फार दुखतोय," ताई म्हणाली. "अजून किती वेळ धरू?"